शनिवारची हवा

यंत्र आलं बंद पडलेल्या अग्निशमन केंद्रातून,
लिलावात, एकशे नव्वद किलोचं.
चौघांनी उचललं. पाचवा, याल्मारी, नुसता ओरडत होता.
लाकडांच्या खोपीत त्याला जागा केली;
बर्चच्या ओंडक्यांना पहिल्यांदाच
हिवाळा उघड्यावर काढावा लागला.

ऑस्मोने फरशीत चार बोल्ट ठोकले,
पट्टा किती ताणलाय ते अंगठ्याने दाबून पाहिलं,
मी पाव झाला का ते पाहते तसं.
मग फिल्टर. नळकांड्यात थरावर थर:
ओल शोषणारे मणी, कोळसा,
वर नमद्याची टोपी.
"दुकानातली हवा काही महाग नाही," मी म्हटलं.
"दुकान नव्वद किलोमीटरवर आहे," तो म्हणाला,
आणि त्यावर पुढे काही बोलण्यासारखं उरलं नाही.

भरायचं काम माझ्याकडे कसं आलं, कळलं नाही.
तो म्हणे, पाण्यात जाणाऱ्याचा हात घायकुता असतो.
तर मी, वही, पेन्सिल, कानांवर जाड झापडं.
दर दहा मिनिटांनी खालची चावी उघडायची,
यंत्र थुंकतं, पांढरट, तेलकट, ताकासारखं,
चावी बंद.
पन्नास. शंभर. दीडशे.
सिलिंडर तापत जातो,
हात ठेवला तर तापातल्या मुलाची पाठ.
घाई केली तर भरल्यासारखा दिसतो,
निवला की काटा मागे येतो.
दोनशे बत्तीस हा आकडा
मला लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे.

नोव्हेंबरातला एक शनिवार.
शनिवारी इथे घरोघरी साउना पेटतो.
त्या संध्याकाळी वारा नव्हता.
ताउनोच्या धुराड्यातून धूर निघाला,
छपरावरून मांजरासारखा खाली उतरला
आणि खोपीच्या भिंतीतून डोकावणाऱ्या
शोषनळीच्या तोंडाशी येऊन बसला.
यंत्राचं काय, मिळेल ते गिळतं.

रविवारी ऑस्मो बारा मीटरवरूनच परतला,
डोकं धरून, आणि धक्क्यावर ओकला.
"सकाळचे मासे," म्हणाला.
मी रेग्युलेटर तोंडाशी धरून एक श्वास घेतला.
कसलाच वास नव्हता.
कोळशाने वास तेवढा स्वतःकडे ठेवून
विष पुढे पाठवलं होतं.
वहीत माझंच अक्षर:
शनिवार, पाच चाळीस, वारा नाही.

चारही सिलिंडर अंगणात उघडले.
शनिवार किती वेळ बाहेर पडत होता!
चाव्यांवर हिमाची बुरशी धरली,
कुत्रा पायरीखाली जाऊन बसला.
आवाजाने ताउनो आला, कमरेला टॉवेल,
ऐकून घेतलं, बराच वेळ गप्प राहिला.
"मी साउना बंद करू का?"
मूत्रपिंड देऊ करावं, तशा स्वरात.
"वेडा आहेस का," ऑस्मो म्हणाला,
आणि पुन्हा ओकायला वळला.

आता रुंद पाइप बर्चच्या खोडावरून चढतो,
तोंड खाली वळवलेलं, डासांसाठी जाळी.
फिल्टरमध्ये एक काळा थर वाढलाय.
भिंतीवर विषाचा आकडा दाखवणारी डबी.
तिच्यावर माझा पुरता विश्वास नाही,
म्हणून आधी दाराबाहेर
ओलं बोट वर धरते.

फेब्रुवारी. सरोवरात तिकोनी भोक,
त्यातून तो गेलेला, दोर माझ्या मुठीत.
एक ओढ म्हणजे ठीक.
वेळ जावा म्हणून झाडूने भुरा बर्फ सारला,
खाली काळी काच.
आणि बुडबुडे आले,
माझ्या बुटांच्या तळाशी येऊन चपटे झाले,
सांडलेल्या पाऱ्यासारखे, वाट शोधत,
एकमेकांत मिसळत, अडकून.
ओळखीचे निघाले:
मंगळवार सकाळ, वायव्येचा वारा, उणे अकरा,
मधे एकदा मला शिंक आली होती.

दोर हलला.
एकदाच.
मी एकदा ओढून उत्तर दिलं.